जरा बऱ्या इंग्रजीत

चेन्नईच्या साहेबाला मी फोनवर सांगितलं, ‘सर, हिज फादर इज इनडिस्पोज्ड.’ आणि फोन ठेवून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू पोराचं तिकीटच काढून दिलं.

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती आणि गावात कोणी कोणाला ‘कसं काय’ विचारत नव्हतं. बायकोचा मोठा भाऊ फवारणी करता करता शेताच्या धुऱ्यावर पडला. औषध अंगात भिनलं. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोराला बोलावून घ्या. पोरगा चेन्नईच्या कारखान्यात, साहेबाला हिंदी येत नाही, आणि खानदानात इंग्रजीचा मास्तर मी एकटा.

‘सिक’ मला आठवला नाही असं नाही. पण तो पाचवीतल्या पोरांचा शब्द. साहेबाशी बोलताना विशेषण भारी हवं, हे मी वर्गात जन्मभर शिकवत आलो.

संध्याकाळी पोराचा फोन आला. ‘आत्या, साहेब म्हणते, वडलाले जरासंच बरं नाही, पुढच्या महिन्यात जाजो.’

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ‘काय सांगतलं तुमी त्याले?’

‘बिमार आहे, असंच. जरा बऱ्या इंग्रजीत.’

सातवी शिकलेली बाई, तिनंच साहेबाला फोन लावला. ‘साहेब, फादर व्हेरी सिक. व्हेरी व्हेरी. बॉय सेंड. टुडे.’ साहेबानं काहीतरी विचारलं. तिला ते कळलं नाही, म्हणून तिनं तेच पुन्हा सांगितलं आणि परत दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसली.

पोरगा त्याच दिवशी निघाला, दुसऱ्या रात्री पोहोचला. बापानं डोळे उघडले, त्याचा हात धरला. सकाळी गेला. कोणी मोठ्यानं रडल्याचं आठवत नाही. चहा आला, तो प्यायलो.

घरी येऊन डिक्शनरी काढली. इनडिस्पोज्ड म्हणजे सर्दी, डोकेदुखी, असलं किरकोळ. शब्दाचे कपडे भारी, दुखणं हलकं. मी वाचलं आणि डिक्शनरी जागेवर ठेवली.

तेरवीपर्यंत पोराची सुट्टी वाढवायची होती. मी फोन उचलला. ‘डेड’ कसं म्हणायचं, म्हणून जिभेवर ‘डिसीस्ड’ तयार ठेवला होता. बायकोनं फोन हातातून काढून घेतला.

‘राहू द्या तुमी,’ ती म्हणाली. ‘तुमचं आयकून साहेबाले वाटन, दादा बरा होऊन राह्यला.’