तिसऱ्या बाकावरची उशी

देवळातले किस्से देवळात घडत नाहीत, बाहेर चपला शोधताना घडतात, असा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. देऊळ म्हणजे आमचं चर्च. आम्ही जुने मराठी ख्रिस्ती अजून देऊळच म्हणतो. मी तिथे तबला वाजवतो. उपासनेत तबलजीला अर्धा वेळ काही काम नसतं, त्यामुळे त्याचं लक्ष सगळीकडे असतं आणि किस्से आपोआप साठत जातात. आमच्या हिचं म्हणणं, ते साठत नाहीत, मी ते फुगवतो. तेव्हा मी चार म्हटलं की तुम्ही दोन समजा, म्हणजे घरात शांतता राहील.

खालचे सगळे किस्से एकाच वर्षातले. विश्रांतवाडीकडचा आमचा रस्ता रुंद होत होता, घरटी एक पोरगं कॉम्प्युटरमध्ये लागत होतं, आणि आमच्याकडे बत्तीस वर्षांचे नवे पाळकसाहेब आले होते. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "मंडळी, आपण इथे फार आरामात आहोत. येशू बाहेर उन्हात उभा आहे आणि आपण आत पंख्याखाली बसून त्याची गाणी म्हणतोय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पंखा कोणी बंद केला नाही.

एकटे दावीदअण्णा उठून उभे राहिले. अण्णा कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले, आमच्यातले सर्वात ज्येष्ठ. "सलाम, साहेब," ते म्हणाले, "हवं ते मागा, हवं तिथे पाठवा. फक्त ही जागा सोडायला सांगू नका."

ही जागा म्हणजे उजवीकडचा तिसरा बाक. आमच्यात बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. हा नियम अण्णा आणि सुशीलाकाकूंनी लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी मोडला आणि दोघं शेजारी शेजारी बसले. तेव्हाच्या पाळकांनी महिनाभर डोळे वटारले, मग दमले. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. बाकावर त्यांची निळी उशी तशीच होती. चुकून कोणी नवखा तिथे टेकायला लागला की अण्णा हळूच म्हणायचे, "ती जागा धरलेली आहे."

कोणाची, हे विचारायची हिंमत कोणाला नव्हती.

*

देवळाबाहेर पडायचं म्हटल्यावर आम्ही जे करतो तेच केलं. उपसमिती नेमली. नाव, 'बाहेर पडण्याबाबत उपसमिती'.

उपसमितीच्या सात बैठका झाल्या, सातही देवळातल्या मागच्या खोलीत. वारं येतं म्हणून दार लावून. चौथ्या बैठकीचा विषय होता, बाहेर पडताना दार कोणी लावायचं.

आठव्या बैठकीच्या दिवशी पाळकसाहेबांनी खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. बैठक अंगणात उभ्याने झाली आणि अकरा मिनिटांत संपली, निर्णयासकट. उभ्याने बैठक घेतली तर ती लवकर आटपते, हा शोध पुढे आयटीवाल्यांनी आपल्या नावावर लावला. माझी तक्रार नाही, पण नोंद असावी.

*

नाताळात आम्ही कॅरल म्हणत घरोघर जातो. घरोघर म्हणजे आपापल्याच घरी. तीच गाणी, त्याच करंज्या. त्या वर्षी पाळकसाहेबांनी आम्हाला कसबा पेठेत नेलं, तांबटांच्या आळीत, भर दुपारी चार वाजता.

दोन्ही बाजूंनी तांब्याच्या हंड्यांवर हातोडे पडत होते. आम्ही जीव तोडून चार गाणी म्हटली. मला माझाच तबला ऐकू येत नव्हता. बाकीच्यांना ती ईश्वरी कृपा वाटली असणार.

शेवटी एका म्हाताऱ्या कारागिरानं हातोडा खाली ठेवला. "छान झालं," तो म्हणाला. "तोंडं बरी हलत होती."

मग त्यानंच आम्हाला चहा पाजला, आळीभर हाक मारून सगळ्यांचे हातोडे थांबवले आणि एक गाणं नीट ऐकवा म्हणाला. सगळी आळी गप्प. आम्ही जीव ओतून गायलो. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले.

कारागिरानं सगळं ऐकून घेतलं. हातोडा परत उचलला. "ठोक्यांतच बरं वाटत होतं," म्हणाला.

*

आमच्या भगिनी मंडळानं ठरवलं, मार्केट यार्डात जाऊन हमालांची सेवा करायची. पहाटे उठून पोह्यांचं मोठं पातेलं आणि चहाची किटली तयार झाली. बायका रविवारच्या साड्या नेसून टेम्पोतून उतरल्या. पातेलं काही उतरेना.

तिकडून बाबू नावाचा हमाल आला. कोणत्या गाळ्यावर टाकायचं, एवढंच त्यानं विचारलं आणि पातेलं पाठीवर घेतलं. त्याच्या जोडीदारांनी पोत्यांच्या थप्पीवर स्वच्छ गोणपाटं अंथरून बायकांना बसवलं. इतक्या लांबून आलात, आधी तुम्ही खा, म्हणून बशा त्यांच्याच हातात दिल्या. कुणी कांदा चिरला, कुणी लिंबं आणली, तीही निवडून. आमची ही तर म्हणे तिथे दोनदा पोहे खाऊन आली. ती एकदाच म्हणते.

मंडळाच्या अहवालात सेक्रेटरीबाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'सेवा उत्तम झाली. कोणी कोणाची केली, याबद्दल एकमत नाही.'

*

माझी पुतणी शेरॉन हिंजवडीला एका कंपनीत लागली होती. पाळकसाहेबांचं ऐकून तिनं ठरवलं, ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही जेवणाआधी प्रार्थना करायची. घरी करतो तशीच, डोळे मिटून.

पहिल्या दिवशी टीमला वाटलं हिला चक्कर आली. कोणी पाणी आणलं, कोणी लिंबूसरबत. दुसऱ्या दिवशी कुजबुज. तिसऱ्या दिवसापासून कोणी काही बोलेना. ती घाबरली, सगळे आपल्याला टाळणार आता.

महिनाभरानं एकदा काम अंगावर आलेलं, भूक लागलेली, तिनं डबा उघडला आणि थेट घास घेतला. वर बघते तर सगळं टेबल तिच्याकडे पाहतंय. तिची टीम लीड, सदाशिव पेठेतली, शांतपणे म्हणाली, "अगं, आज तुझं ते राहिलं ना? आम्ही चमचे खाली ठेवून बसलोय."

*

आता अण्णांची प्रार्थना.

अण्णा सुंदर प्रार्थना करत, पण ती जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होई. नोहाचा पूर, मिसर देश, वाळवंटातली चाळीस वर्षं, असं करत करत त्या दिवशीच्या विषयाशी पोहोचेपर्यंत लहान मुलं मोठी होत.

आम्ही आठ जण इस्पितळात रुग्णांना भेटायला निघालो होतो. बसस्टॉपवर पाळकसाहेब म्हणाले, "अण्णा, निघण्याआधी थोडक्यात प्रार्थना करा." थोडक्यात हा शब्द अण्णांनी कारखान्यातच ठेवून दिलेला. सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक उघडा ठेवला, तबलजीची सवय.

इस्राएल लोक तांबड्या समुद्राशी पोहोचले तेव्हा पहिली बस आली. ड्रायव्हरनं पाहिलं, आठ माणसं माना खाली घालून उभी आहेत. कोणीतरी गेलंय असं समजून त्यानं टोपी काढली आणि गाडी हळूच पुढे नेली. वाळवंटात आणखी दोन गेल्या. आमेन होईपर्यंत मी पाच बस मोजल्या. ही तीन म्हणते, पण तिचे डोळे मिटलेले होते.

स्टॉपवर एक भाजीवाली जमिनीवर बसली होती, पाटी शेजारी ठेवून. हिराबाई नाव, हे मागाहून कळलं. तिनं सगळी प्रार्थना ऐकली होती.

"बाबा," ती अण्णांना म्हणाली, "रस्ता रुंद केला आन् हितलं बाकडं नेलं. माझ्या गुडघ्यात जीव न्हाय. येवढं मोठं मागनं मागितलंत, त्यात माझं बाकडं सहज बसलं आसतं की."



*

पाळकसाहेबांनी सुचवलं, आपल्या देवळातला एक बाक स्टॉपवर देऊ. सगळ्यांना एकदम पटलं. मग प्रश्न आला, कोणता.

आमच्याकडे सोळा बाक. एकावर आजोबांचं नाव कोरलेलं, एकावर कोणाची सोयरीक जमलेली, एकावरून दार जवळ पडतं. प्रत्येकानं अतिशय उदार मनानं दुसऱ्याचा बाक सुचवला. देवळाचे सेक्रेटरी साळवे कागद घेऊनच आलेले. "भावनेत जाऊ नका," म्हणाले. "उजवीकडचा तिसरा. जागा पाच, बसणारा एक."

पाळकसाहेब घाईनं म्हणाले, तो नको. पण सगळ्यांच्या नजरा अण्णांकडे वळल्या होत्या.

अण्णा उठले. "एक नाही, साळवे," ते म्हणाले. "दोघं बसतात तिथे."

आणि त्यांची नेहमीची शेवटची प्रार्थना न करताच घरी गेले. असं कधी झालं नव्हतं. पुढचे तीन रविवार ते आले, उशीवर हात ठेवून बसले, पाळकसाहेबांनी खूण केली तरी प्रार्थनेला उठले नाहीत. उपासना वीस मिनिटं लवकर सुटायला लागली आणि कोणालाच ते आवडेना. मलासुद्धा.

*

हा शेवटचा मी हिच्यासमोर सांगतो. ती मध्ये बोलत नाही.

चौथ्या रविवारी आम्ही देवळात शिरलो तर उजवीकडे दुसऱ्या बाकानंतर एकदम चौथा. मध्ये फरशीवर पायांच्या चार पांढऱ्या खुणा. उशी नाही. अण्णाही नाहीत. साळवे पोलिसांत तक्रार द्यायला निघाले. पाळकसाहेबांनी त्यांना खाली बसवलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाणं विनातबल्याचं सुरू केलं. मी स्कूटर काढली.

बाक बसस्टॉपवर होता. उजाडता उजाडता मार्केट यार्डातला तो बाबू टेम्पो घेऊन आला होता आणि दोघांनी मिळून तो उतरवला होता. एक पाय साखळीनं खांबाला बांधून कुलूप घातलेलं. विश्वास असला तरी अण्णा पुणेकर.

अण्णा एका टोकाला बसले होते. शेजारी निळी उशी, आणि उशीवर हिराबाई, पाय लांब करून.

"अण्णा, उपासना सुरू झाली," मी म्हणालो.

"माहीत आहे."

हिराबाईंच्या मुलीची दुसऱ्या दिवशी नर्सिंगची परीक्षा होती. त्या अण्णांना म्हणाल्या, "बाबा, तुमचं ते मागनं म्हना की पोरीसाठी."

अण्णांनी टोपी काढली, डोळे मिटले. मी स्कूटर स्टँडवर लावली. नोहा, मिसर, वाळवंट, म्हणजे निदान अर्धा तास. तेवढ्यात वळणावर गाडीचा आवाज आला. अण्णांनी डोळे उघडले.

"प्रभू, हिची पोरगी उद्या परीक्षेला जातेय. तिच्या शेजारी बैस. आमेन. उठा हिराबाई, गाडी आली."

मी पाटी चढवायला हात लावला. गाडी गेली. पाय दुखत होते म्हणून मी आपला उशीवर टेकायला गेलो.

"तिथे नको," अण्णा म्हणाले, देवळात म्हणायचे त्याच आवाजात. "ती जागा धरलेली आहे."

सहा वर्षांत जे कोणी विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "कोणासाठी?"

अण्णांनी उशी झटकली, सरळ केली, आणि रस्त्याकडे बघत बसले.

"कोण येतंय बघू."