लोखंडी हाताचे नियम

माझी मावशी हात-पाय बनवते. हे ऐकून लोक एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघतात, म्हणून पुढचं लगेच सांगून टाकते: कृत्रिम हात-पाय. एकतीस वर्षं ती एकाच कार्यशाळेत आहे. जाड चामड्यावर सरळ टीप मारता यायची म्हणून आधी पट्टे शिवायला लागली, मग प्लास्टरचे साचे घ्यायला शिकली, आणि आता काही अवघड आलं की डॉक्टरच म्हणतात, "ताईंना विचारा." तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण कानस असतेच.

लग्न तिने केलं नाही. त्यावर घरात आता कुणी बोलत नाही, कारण बोलणारे दमले. रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते आणि नंतर सोफ्यावर आडवी होते. त्याच वेळी माझ्या जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ रंगात आलेला असतो. कागद, पेन्सिल आणि फासे, एवढंच सामान. मी गोष्ट सांगते, बाकीचे, म्हणजे आमच्या भागातला पोस्टमन, एक शिक्षिका आणि आणखी एक-दोघं, त्यातली पात्रं होतात, आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की फसली हे फासा ठरवतो. आमची गोष्ट होती दोनशे वर्षांनंतरच्या एका शहरातली, जिथे माणसं अंगात यंत्रं बसवून घेतात.

एका रविवारी पोस्टमनने त्याच्या पात्राला पोलादी पाय बसवून घेतला आणि लगेच एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारली. फासा चांगला पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सोफ्यावरून आवाज आला, "पाय कधी बसवला म्हणालास?"

"आत्ताच, मावशी."

"आणि उडी?"

"आत्ताच."

मावशी उठून बसली. "बरं. घासत नाही कुठे?"

पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं. मी नियमांचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं: दर अवयवामागे माणूसपणाचे दोन गुण वजा, आणि गुण शून्यावर आले की पात्र निव्वळ यंत्र होतं. मग ते खेळाडूच्या हातून जातं.

मावशीचा चेहरा बदलला. ती रागावली की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते. "माझ्या हाताखालून दोन-अडीच हजार माणसं गेली असतील," ती म्हणाली. "पट्टा काचतो म्हणून परत आली, गुडघा वाजतो म्हणून आली. माणूसपण कमी झालं म्हणून एकही आलं नाही. हे लिहिणाऱ्याने कधी एक तरी पाय पाहिलाय का?"

जाताना ती पुस्तक घेऊन गेली.

पुढच्या रविवारी ती आली ती वहीची अकरा पानं लिहून. माणूसपणाचा नियम आडवी रेघ मारून बाद केला होता. त्याच्या जागी तीन आठवडे माप जुळवणं, रोज त्वचा तपासणं, घाम आला तर एक फासा, फोड आला तर दोन. आमच्यातल्या शिक्षिकेने सगळं मन लावून वाचलं आणि "शुद्धलेखन चांगलं आहे" एवढंच म्हणाली. तरी आम्ही खेळून पाहिलं. तीन तास पोस्टमनचं पात्र पायाला पावडर लावत बसलं होतं. चोर सामान घेऊन पसार झाले, त्यांच्यामागे जायला कुणी मोकळंच नव्हतं.

"मावशी," पोस्टमन शेवटी म्हणाला, "रागावू नका, पण हे कामावर गेल्यासारखं वाटतंय."

ती रागावली नाही. "पहिलं माप कधीच बसत नाही," ती म्हणाली. "घासावं लागतं. पण कुठे घासायचं ते वापरणाऱ्याला विचारावं लागेल."

म्हणून तिसऱ्या रविवारी ती ड्रायव्हरकाकांना घेऊन आली. काका पूर्वी ट्रक चालवायचे. अपघातात डावा हात कोपराखाली गेला, आणि आता ते बस डेपोत ड्रायव्हरांच्या पाळ्या लावतात. मावशीने त्यांना आतापर्यंत चार हात करून दिले होते. काका खुर्चीत ऐसपैस बसले, डाव्या हाताच्या जागी असलेल्या लोखंडी आकड्याच्या चिमटीत फासा धरून दोनदा टेबलावर टाकून पाहिला आणि मग विचारलं, "मला हात मिळणार ना? मग त्यात तोफ पाहिजे."

मावशी म्हणाली, "तोफेच्या धक्क्याने खांदा निखळेल. वजनाचा काही विचार?"

"ताई, तुम्ही हात बनवता, वापरतो मी. खरा हात मला आठवडाभर असतो. फोडसुद्धा असतात. रविवारी मला तोफ द्या."

आम्ही हसलो, मावशीही हसली. पण तिने पेन खाली ठेवलं नव्हतं. "मग माझं काहीच ठेवायचं नाही का?"

काकांनी वही जवळ ओढून सावकाश वाचली. "रेघ मारलीत ती बरोबर मारलीत," ते म्हणाले. "माणूसपण-बिणूसपण काही जात नाही. पण ताई, राग येतो. मला वर्षभर होता. बायकोने ताट वाढलं तरी राग, नाही वाढलं तरी राग. तो तुम्ही लिहिलाच नाहीत."

मावशीने पेन खाली ठेवलं. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही पट्ट्याबद्दल विचारायचात."

"आणि मग गेला कसा?" शिक्षिकेने विचारलं.

"एकदम नाही गेला. डेपोत लोकांत बसायला लागलो, मग उतरत गेला. तुमच्या खेळात राग घाला. आणि तो उतरतो, हेही घाला. नाहीतर पुन्हा त्या पुस्तकासारखंच होईल."

त्या दुपारी अकरा पानांचं एक पान झालं. अवयव बसवला की पात्राला रागाचे सहा गुण. साथीदारांबरोबर एखादं साधं काम केलं, दार दुरुस्त केलं, कुणाला उचलून नेलं, की एक गुण उतरतो. सगळा उतरला की अवयव पूर्ण ताकदीने चालतो, मग उड्या मारा नाहीतर तोफा डागा. फोडांचा नियम काकांनी काढून टाकायला लावला. मावशीने हट्टाने एकच ओळ राखली: दर महिन्याला कारागिराला दाखवावे.

काकांच्या पात्राचा राग उतरायला चार रविवार लागले. पाचव्या रविवारी त्यांनी तोफ डागली आणि फासा असा पडला की आमचीच गाडी उडाली. काका इतके खूश झाले की घरी फोन करून बायकोला सांगितलं.

मावशीने ते पान कार्यशाळेत नेलं. प्लास्टर सुकेपर्यंत लोकांना बाहेरच्या बाकावर ताटकळत बसावं लागतं. तिथे तिने एक टेबल टाकलं आणि गुरुवारी सकाळी स्वतः गोष्ट सांगायला लागली. एकदा कार्यशाळेचे साहेब आवाजाची तक्रार करायला बाहेर आले होते म्हणे. नुकताच पाय गेलेली एक आजी तेव्हा खेळात अंतराळयानाची कप्तान होती. तिने त्यांना बसायला सांगितलं आणि इंजिनावर कामाला लावलं.

आता रविवारी मावशी सोफ्यावर आडवी होत नाही, टेबलाशी बसते. तिचं पात्र तस्कर आहे, आणि फासा तिच्या मनासारखा पडला नाही की टेबल वाकडं आहे म्हणते.