आर्थरचा पर्च

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. यांच्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवापुढे दिवा लावतानासुद्धा मी दुसऱ्याच चुकांची माफी मागते, ही तेवढी वगळून. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. तू कोण वाचते आहेस ठाऊक नाही. मैत्रीण समजून लिहिते.

इंग्लंडात लीड्सला आमच्या गल्लीच्या टोकाशी कॅनॉल आहे. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत तो असा गोठला की बदकं त्यावरून चालत जायची. आमच्या शेजारचे आर्थर त्या थंडीतही मासे धरायला जात. बसवर ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. बायको वारलेली. दोरीला लोखंडी वजन बांधून ते बर्फावर आपटत, घमेल्याएवढं भोक पाडत, तुकडे गाळून काढत, आणि गळाला गांडूळ लावून स्टुलावर बसत. शेजारी दुसरं स्टूल स्टॅनचं. चाळीस वर्षांची दोस्ती. स्टॅन म्हणे, आर्थर बस चालवायचा तसाच मासा ओढतो, वर येईपर्यंत मासा म्हातारा होतो. आर्थर म्हणत, स्टॅनच्या बडबडीनं मासे कंटाळून स्वतःच गळ गिळतात.

मला हे कसं कळे? इथंच तर खरी गोम आहे. मला कळायचं. सहा वर्षं टीव्ही ऐकून, दुकानात रांगेत उभं राहून सगळं कळायला लागलं होतं. पण बोलायची लाज वाटे. कुणी काही विचारलं की ‘नो इंग्लिश’ म्हणायचं, हसायचं, की सुटलं. मग लोक माझ्यासमोर काहीही बोलत. मला ते सोयीचं झालं होतं.

माझे वडील भोई. कृष्णेच्या डोहात जाळं टाकायचे. नदीचा मासा, लसूण-तिखट लावून तव्यावर खरपूस केलेला – त्यावर आम्ही भावंडं वाढलो. लग्नानंतर ते संपलं. यांना माशाचा वास सहन होत नाही. आणि इथला मासा म्हणजे पिठात तळलेला तुकडा, त्याला ना डोकं ना शेपूट. तेव्हा मला दिवस होते आणि डोहाळे लागले होते, असं लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं. नुसती इच्छा होती.

त्या दोघांचा एक नेम होता. हिवाळ्यातला सगळ्यात मोठा पर्च कुणाला लागतो ते बघायचं. पर्च म्हणजे अंगावर काळे पट्टे, पोटाखालचे पर लाल, पाठीवर काटे. धरला की पाण्यातल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचा, दुसऱ्याला दाखवायचा, आणि सोडून द्यायचा. दाखवला नाही तर तो धरलाच नाही असं समजायचं. इकडे हा मासा कुणी खात नाही. सलग कितीतरी हिवाळे स्टॅनच जिंकत आला होता. हे मला ठाऊक नव्हतं असं आधी लिहिलं होतं. खोडलं. ठाऊक होतं.

त्या दिवशी मी भाजी घेऊन कॅनॉलच्या काठानं येत होते. आर्थर एकटेच, स्टुलावरून उठून उभे होते. मला बघून त्यांनी जाळी उचलून दाखवली. कोपरापासून बोटांपर्यंत लांब पर्च. एवढा मोठा मी तिथं कधी पाहिला नव्हता. कॅमेरा आणतो, स्टॅनला फोन करतो, तू इथं थांब, लक्ष ठेव – खुणा करून सांगितलं आणि बर्फातून जवळजवळ पळतच घराकडे गेले.

लक्ष ठेव म्हणाले. मी काय केलं?

संध्याकाळी सोडूनच तर देणार आहेत, असं मनाशी म्हटलं. हात जाळीत घातला. काटा तळव्यात घुसला तरी सोडला नाही. डोक्याच्या स्कार्फात गुंडाळून पिशवीत, कोबीखाली ठेवला. आणि तिथंच उभी राहिले. पळून गेले असते तरी बरं होतं – निदान चोर म्हणून तरी कळलं असतं.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं स्टॅन आला. फोनची वाट न बघता, रोजच्यासारखा. काय मिळालंय बघू म्हणून त्यानं वाकून जाळी वर ओढली. नेमके तेव्हाच आर्थर गळ्यात कॅमेरा अडकवून परतले.

आधी स्टॅनला थट्टाच वाटली. तुझा मोठा मासा दरवर्षी मी यायच्या आधीच निघून जातो, म्हणाला. आर्थर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“सोडलास तू तो. बघवला नाही तुला.”

“चाळीस वर्षांनी मला हे म्हणतोस?”

कुणी खायला नेला असेल, हे दोघांच्याही मनात आलं नाही. कसं येणार? मग आर्थर माझ्याकडे वळले. सावकाश, मोठ्यानं, लहान मुलीला विचारावं तसं, इथं सगळ्याच बायकांना म्हणतात ते ‘लव्ह’ लावून विचारलं, “तू इथंच होतीस ना, लव्ह? यानं जाळी रिकामी केली ना?”

पिशवी माझ्या मांडीला टेकलेली होती. आत मासा कल्ले हलवत होता, मला कळत होतं.

“नो इंग्लिश,” मी म्हटलं.

“तिला बिचारीला कशाला मधे ओढतोस,” स्टॅन म्हणाला, आणि आपलं स्टूल उचलून निघून गेला.

घरी आले. हे हॉस्पिटलच्या लाँड्रीत ड्यूटीला होते. खिडक्या उघडल्या. खवले कठीण, सुरीनं खरवडताना निघेनात. मीठ-हळद, लसूण, तिखट, चिंचेचा कोळ. तव्यावर टाकला आणि त्या वासानं मला रडू आलं. ओट्याशी उभी राहून सगळा खाल्ला. डोकंसुद्धा चोखलं. घशाखाली उतरला नाही असं सांगितलं तर तुला बरं वाटेल. पण उतरला. फार गोड लागला.

वाटलं, दोन दिवसांत दोघं बोलतील. बोलले नाहीत. दर नाताळला स्टॅनचं कार्ड येई. आर्थर ते न उघडता, परत पाठवा असं वर लिहून माझ्याकडे देत – तू जातेच आहेस ना टपालपेटीकडे, लव्ह. मी टाकत असे. चार-पाच वर्षं टाकलं. तोवर मी क्लासला जाऊन बोलायलाही शिकले होते. आर्थरांना डाळ-भात नेऊन देई, तासन्‌तास गप्पा मारी. हवेच्या, मुलीच्या, त्यांच्या बायकोच्या. एवढ्या गप्पांत एक वाक्य मावलं नसतं का?

चौऱ्याण्णवला आर्थर गेले. प्रार्थनेनंतर हॉलमध्ये मी चहा देत होते. स्टॅन काठी टेकत आला. मला ओळखलं. मग तसाच सावकाश, हातवारे करत बोलला, “मासा. मी नाही सोडला. त्याला कधी पटलं नाही.”

मी नीट इंग्रजीत विचारलं, चहात साखर किती.

तो दचकला, मग हसला. “अगं, तुला येतं की. तेव्हा कळत होतं का काही?”

खरंच विचारत होता. त्याचे डोळे माझ्यावर होते. सांगू शकेल अशी मी एकटीच उरले होते.

“नाही,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. दोन चमचे म्हणाला. मी साखर घातली, ढवळून कप हातात दिला.

मला सगळं कळत होतं, स्टॅन. मासा मी नेला होता.