शेवट उभ्यानं वाचायचा

"खोटं! साफ खोटं! या पुस्तकाचा शेवट असा नाहीच!"

तिसऱ्या रांगेतल्या बाई उभ्या राहून ओरडत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा, की सांगलीच्या त्या वाचनालयातले पंखेसुद्धा बाकावर उभं केल्यासारखे जागच्या जागी थबकले. मी व्यासपीठावर, हातात माईक, तोंडात अर्धं वाक्य. विषय होता 'जुनी भयकथा आणि तिचा थोर शेवट'. मला साताऱ्याहून मुद्दाम बोलावलं होतं, कारण भुताखेतांच्या पुस्तकांत आपला हात धरणारा दोन जिल्ह्यांत कुणी नाही, अशी अफवा मी स्वतःच गेली वीस वर्षं मेहनतीनं पसरवली होती. आज ती वाचते की मरते, एवढाच प्रश्न होता.

तोवर भाषण झकास रंगलं होतं. आधी मी आजकालच्या भयकथेची सालटी काढली. मोबाइलवर कुणी तरी घसा बसल्यासारख्या आवाजात 'ही सत्य घटना आहे' म्हणतो, अर्धा तास पैंजण वाजवतो, आणि शेवटी काय, तर 'तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये सांगा'. अरे गड्या, भुताचं काय झालं हे ऐकणाऱ्यानंच सांगायचं, तर तू कशाला घसा बसवून घेतलास?

मग जुन्यांचा इतिहास घेतला. तोही काही आरती ओवाळत नव्हे. पहिल्या पिढीची भुतं विलायतेहून बोटीनं आलेली. इथल्या लेखकांनी त्यांचा कोट उतरवून धोतर नेसवलं, पण वळण साहेबाचंच राहिलं; दारावर टकटक केल्याशिवाय आत येत नसत. दुसऱ्या पिढीत मांत्रिक सुटले. पानोपानी लिंबं, कवट्या, आणि राख तर एवढी की अख्ख्या तालुक्याची भांडी घासून निघावीत. तिसऱ्या पिढीला विज्ञान सुचलं: तळघर, हिरवा द्रव, टकल्या डॉक्टर. आणि पिढी कुठलीही असो, नायक मुक्कामाला जाणार तो महाबळेश्वरच्या डाकबंगल्यात, तेही भर आषाढात! यातल्या एकाही लेखकानं महाबळेश्वरचा आषाढ बघितलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तिथं चार दिवसांत माणसाच्या चपलेला बुरशी येते. हडळीचं पांढरं लुगडं वाळायला दिवाळी उजाडेल, ती घाबरवणार कधी?

"पण शेवट!" मी टेबलावर मूठ आपटली. "शेवट लिहावा तर या लोकांनी!"

आणि तो मी पाठ म्हणून दाखवला. कंदील विझतो. मागून खांद्यावर ओला हात पडतो. तो विचारतो, दार कुणी लावलं? अगदी कानाशी उत्तर येतं, 'इथं दार कधी नव्हतंच.'

मग मी माझा सिद्धान्त सोडला. लेखक निराळे, छापखाने निराळे, भुतांच्या जाती निराळ्या. पण ओढे कुठूनही निघोत, मिळतात कृष्णेलाच, तशी प्रत्येक जुनी भयकथा याच एका शेवटाला येऊन मिळते. शिवाय या शेवटात एकाही पात्राचं नाव नसतं. का? कारण भीतीपुढं माणसाला नाव उरत नाही! टाळ्या पडल्या. एका प्राध्यापकानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्या टाळ्यांच्या नशेत मी उदाहरणादाखल एका कादंबरीचं नाव घेतलं, आणि बाई उठल्या.

त्यांनी पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. "हीच ती. मी कोरी विकत घेतली होती. शेवटी भूतबीत कुणी नसतं. डाकबंगल्याचा खानसामा असतो, चादर पांघरून!"

"खानसामा?" मी पोट धरून हसलो. "बाई, तुमची प्रत भ्रष्ट आहे."

"भ्रष्ट? पहिली आवृत्ती आहे ही!"

"पहिल्या आवृत्तीत चुका असतातच."

मागून कुणी तरी ओरडलं, "आवं, वाचूनच दावा की!" लोक खुर्च्या वळवून बाईंकडे बघायला लागले. प्राध्यापकानं वहीतल्या वाक्यावर पेन टेकवून ठेवलं होतं, खोडायच्या तयारीत. आता हुकमाचं पान टाकणं भाग होतं.

माझं हुकमाचं पान पहिल्या रांगेत बसलं होतं. साताऱ्यात एसटी स्टँडमागे भाड्यानं पुस्तकं देणारं एक वाचनालय होतं, मी कॉलेजात असतानाचं. मालक पाटणकडचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. भयकादंबरी नेली की लोक परत आणत नसत. सुभेदारांनी त्यावर फौजी इलाज काढला. पुस्तक आलं, की ब्लेडनं शेवटची चार पानं कापायची आणि टेबलाच्या खणात टाकायची. पुस्तक परत करा, मगच शेवट मिळेल. तोही तिथंच, उभ्यानं वाचायचा. बसायचं नाही, घरी न्यायचा नाही. रोज संध्याकाळी कापडवाले, कंडक्टर, साखर कारखान्याचे क्लार्क हातात आपापलं पुस्तक घेऊन रेशनसारखे रांगेत उभे. एकानं पानं घ्यायची, वाचायची, पांढरं पडायचं, आणि मागच्याच्या हातात द्यायची. मी त्या रांगेत इतकी वर्षं उभा राहिलो, की माझी भयकथेची सगळी विद्वत्ता गुडघ्यांतून वर चढलेली आहे. नंतर वाचनालय बंद झालं, आणि सुभेदार सांगलीला लेकीकडे राहायला आले. भाषणाला मीच आग्रहानं बोलावलं होतं. नव्वदीला टेकलेले, पण पाठ अजून परेडच्या मैदानावरची.

"साक्षीदार इथं हजर आहे!" मी गरजलो आणि माईक घेऊन खाली उतरलो. "सुभेदारसाहेब, आवं, तुमीच सांगा या बाईंना. हे पुस्तक तुमच्याकडं व्हतं का न्हाई?"

"व्हतं."

"मग तुमच्या खणात त्याचा शेवट कुठला व्हता? खानसाम्याचा, का मी म्हणालो तो?"

सुभेदारांनी बाईंच्या हातातलं पुस्तक घेतलं, मागून उघडलं, चार पानं बोटानं मोजली आणि परत दिलं.

"तुमी म्हणता त्यो."

मी बाईंकडं बघितलं. अख्ख्या सभागृहाकडं बघितलं. मग विजयाच्या भरात, गरज नसताना, विचारून बसलो, "आणि बाकीच्या पुस्तकांचा?"

"त्योच," सुभेदार म्हणाले. "बाकीची पानं पयल्याच पावसात उंदरांनी खाल्ली. एकच शेवट उरला व्हता, त्यो सगळ्यास्नी द्यायचो. कुणी काय बोललं न्हाई."