जाऊबाईंच्या टेबलावरची गोरमे सब्जी

माझ्या मोठ्या जावेने माझ्याच सिंकमध्ये पातेलंभर जेवण ओतून दिलं, तेव्हा माझ्या पोटाला टाके होते आणि मला सोफ्यावरून धड उठताही येत नव्हतं. उठता आलं असतं तर तिथल्या तिथे भांडण होऊन गोष्ट संपली असती. ते झालं नाही, म्हणून ती माझ्या मनात राहिली आणि चांगली मुरली.

आम्ही तेव्हा मस्कतमधल्या अझैबाच्या या फ्लॅटमध्ये नुकतेच आलो होतो. नवरा दूरच्या दुक्मला प्रोजेक्टवर. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी यायचा, शनिवारी दुपारी परत निघायचा. माझं गर्भाशय काढायचं ऑपरेशन झालं, त्याला मिळाली तेवढी रजा संपली आणि तो गेला. आई पुण्याहून यायची होती, तिचा व्हिसा अडकला. घरात मी आणि शाळेत जाणारी मुलगी. मोठे दीर आणि जाऊ इथेच मस्कतमध्ये, गाडीने निघालं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येईल इतक्या अंतरावर. माझ्या नवऱ्याला इथली नोकरी दिरांच्या ओळखीने लागली होती. ‘आम्ही तुम्हाला आणलं’ हे वाक्य जाऊबाई मीठ घालावं तसं प्रत्येक बोलण्यात घालायच्या. पण ऑपरेशननंतर फोनवर ‘काही लागलं तर सांग हं’ म्हणाल्या आणि आल्याच नाहीत.

आल्या त्या खानुम. आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या इराणी विधवा बाई. समुद्रापलीकडच्या बंदर लेंगेहून लग्न होऊन इकडे आलेल्या, आणि पुढे कित्येक वर्षं मस्कतच्या रुवी भागात स्वतःचं शिवणाचं दुकान चालवलेल्या. दुकानातले शिंपी सगळे आपल्याकडचे, त्यामुळे हिंदी त्यांना येत होती. मोडकी, पण नेमकी. तोपर्यंत आमचं फक्त लिफ्टमध्ये सलाम करण्यापुरतं होतं. मी हॉस्पिटलमधून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बेल वाजवली, मुलीच्या हातात झाकलेलं भांडं दिलं आणि म्हणाल्या, “मम्मी को बोलो, खाना मत बनाओ. मैं है.”

मग रोज काहीतरी यायचं. कधी आबगोश्त, म्हणजे बोकडाच्या नळ्या, छोले आणि पांढरा घेवडा एकत्र शिजवून काढलेला रस्सा. उरलेलं मटण आणि कडधान्य त्या माझ्यासमोर बसून लाकडी दांड्याने रगडायच्या आणि रोटीत भरून मला द्यायच्या. कधी गोरमे सब्जी. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बिचकले. रंग जवळजवळ काळा, वर तेलाचा तवंग, आत परतलेला पाला, चवळी, कोकराचं मटण आणि अख्खी सुकी लिंबं. पहिला घास घेतला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मला भूक लागली.

जाऊबाई आल्या त्या आठवड्याभराने, द्राक्षांची पिशवी घेऊन. खानुम तेव्हा ओट्यापाशी माझ्यासाठी वाढत होत्या. जाऊबाईंनी माझी चौकशी केली ती चालता चालता, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि पातेल्यात डोकावल्या.

“अगं बाई! हे काय खातेयस तू? टाके ओले आहेत तुझे. कुणाच्या घरचं काय, कसल्या भांड्यातलं काय!”

“वहिनी, त्यांनी माझ्यासाठी केलंय,” मी सोफ्यावरून म्हटलं.

त्या खानुमकडे वळल्या. त्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम हिंदीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “आंटी, हम लोग घास नहीं खाते. घास जानवर खाते हैं.” आणि पातेलं उचलून सिंकमध्ये उपडं केलं. नळ सोडला. मटणाचे तुकडे जाळीवर अडकले, ते चमच्याने खरवडून कचऱ्यात टाकले.

खानुम हातात डाव घेऊन तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी आपलं पातेलं जाऊबाईंच्या हातातून घेतलं, स्वच्छ धुतलं, पुसलं आणि मला म्हणाल्या, “कल सुबह आती मैं.” त्या दिवसानंतर मी जाऊबाईंशी पूर्वीपेक्षा गोड वागायला लागले.

बरी झाल्यावर मी खानुमकडे शिकायला जायला लागले. त्या कडक होत्या. कोथिंबीर, पार्सली, कांद्याच्या पातीसारखा कुरात आणि थोडी मेथी, सगळं धुवून कपड्यावर पसरून वाळवायचं. ओला पाला तेलात टाकला की त्या माझ्या हातावर चापट मारायच्या. पाला बारीक चिरून तेलात परतायचा तो रंग काळपट होईपर्यंत, पण करपता कामा नये. तिथे उभं राहायचं, फोन बघायचा नाही. आपण पालेभाजी परततो तसं केलं तर सगळं फुकट. मटण कांद्याहळदीवर परतून भिजवलेल्या चवळीबरोबर मंद शिजवायचं, मग पाला घालायचा, आणि सुकी लिंबं काट्याने टोचून अगदी शेवटी. ती आधी टाकली की कडू होतं. त्या लिंबांना इराणमध्ये ओमानी लिंबू म्हणतात हे सांगताना खानुम हसायच्या. “तुम्हारा ओमान का लीमू, हमारा खाना. अब झगडा किधर?”

शिजलं म्हणजे झालं असं नाही. गॅस बंद करून मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी तेल वर येतं, तेव्हा ते जेवण.

मी हे नवऱ्याला करून घातलं, मुलीला घातलं. जाऊबाईंच्या कानावरही गेलं. भिशीत त्या सगळ्यांना सांगायच्या, “आमची धाकटी आता इराणी झालीय हो.” मी हसायचे.

मग एका रविवारी त्यांचा फोन आला. आवाज मधाळ. दीर सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सिमेंट कारखान्याची मस्कतमधली विक्री बघायचे. त्यांचा एक मोठा ग्राहक, मूळचा इराणी व्यापारी, शुक्रवारी बायकोला घेऊन घरी जेवायला येणार होता. दिरांची पुढची बढती बरीचशी त्याच्या मर्जीवर होती.

“तू ते करतेस ना, काळं काळं? ते करून दे. पण एक आहे हं,” त्या म्हणाल्या, “मी सांगणार आहे की मीच केलंय. घरच्या बाईने केलं की बरं दिसतं. तू वाढायला थांब, पण मध्ये मध्ये बोलू नकोस.”

“चालेल की, वहिनी,” मी म्हटलं. “गवत नाही ना म्हणणार कुणी?”

त्या हसल्या. त्यांना आठवतही नव्हतं. त्यांना आठवत असतं तर कदाचित मी तिथेच थांबले असते. मी फोन ठेवला आणि चप्पल न घालता समोरच्या दारात गेले.

खानुमनी सगळं ऐकलं. त्या माणसाचं नाव विचारलं, गाव विचारलं. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. मग चष्मा काढला आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. “ये लडका? लेंगे का? इसकी अम्मा हमारी पडोसन. इसका चड्डी मैंने सिया है.” त्या व्यापाऱ्याची आई गेल्यापासून तो त्यांना खाले म्हणायचा, म्हणजे मावशी. ईदला न चुकता यायचा.

“आप क्या करेंगी?” मी विचारलं.

“मैं? मैं बूढी औरत. मैं खाना खाएगी.”

गुरुवारी आम्ही दोघींनी मिळून केलं. इतकं नीट मी पुन्हा कधी केलं नाही. काही बिघडवायचा विचारही आमच्या मनात आला नाही. ते जेवण उत्तमच व्हायला हवं होतं. शुक्रवारी सकाळी मी पातेलं जाऊबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं आपल्या चिनी मातीच्या मोठ्या भांड्यात ओतलं आणि माझं पातेलं ओट्याखाली सारलं. भात मी तिथेच केला, तळाशी सोनेरी खरवड धरलेला.

दुपारच्या नमाजानंतर बेल वाजली. व्यापारी आत आला, मागून त्याची बायको, आणि दोघांच्या मध्ये, त्याच्या हाताचा आधार घेऊन, रेशमी अबायातल्या खानुम.

“मेरी खाला हैं,” तो दिरांना म्हणाला. “रास्ते में फोन आया, बोलीं मुझे भी ले चलो. आपको एतराज तो नहीं?”

“अरे, ये तो हमारा सौभाग्य!” दिरांनी स्वतः खुर्ची ओढली. जाऊबाई दारातच थबकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी अगदी जवळून पाहिला. मी काहीच घडलं नाही असं दाखवून खानुमना सलाम केला.

“आधी त्यांना वाढ,” दीर बायकोला म्हणाले.

जाऊबाईंनी वाढलं. खानुमनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. व्यापाऱ्याने दोन घास खाल्ले आणि थांबला. “ये तो हमारे घर का है. भाभी, आपने बनाया?”

जाऊबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “जी. मैंने ही.”

“माशाल्ला,” खानुम म्हणाल्या. “बेटी, सब्जी कितना देर भुना?”

“पाँच मिनट.”

व्यापाऱ्याच्या बायकोचा हात ताटातच थांबला.

“अच्छा. और लीमू?”

“वो... शुरू में. रस निचोडके.”

खानुमनी आपल्या ताटातलं काळं, दगडासारखं वाळलेलं, रश्शात भिजून फुगलेलं लिंबू चमच्यावर घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. “इसका रस? हमको भी सिखाओ.”

व्यापाऱ्याच्या बायकोने रुमाल तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते. दीर ताटात बघत होते. मी पाण्याचा जग हातात घेऊन भिंतीपाशी उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की जग जड लागत नव्हता.

खानुमनी ताट पुढे केलं. “घास बहुत अच्छा बना है. थोडा और दो.”

त्या दिवशी सिंकपाशी काय झालं हे त्या टेबलावर फक्त आम्हा तिघींना माहीत होतं. जाऊबाईंच्या डावातला थेंब पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला. त्यांनी वाढलं. खानुमनी ते संपवलं आणि पुन्हा मागितलं. मग भाताची खरवड मागितली. मग पाणी, मग पुदिना. प्रत्येक वेळी ‘बेटी’ म्हणून, अगदी मायेने. जाऊबाई स्वयंपाकघर ते टेबल अशा येरझाऱ्या घालत राहिल्या. त्या आपल्या ताटावर बसायला गेल्या तेवढ्यात खानुम माझ्याकडे वळल्या.

“तू क्यों खडी है? तेरा हाथ सुबह से दुखता होगा. बैठ.” आणि जाऊबाईंना म्हणाल्या, “इसको भी दो.”

व्यापाऱ्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहून मान किंचित झुकवली आणि सभ्यपणे दिरांशी सिमेंटविषयी बोलायला लागला. मी बसले. माझ्या जावेने मला वाढलं. मी आणखी थोडं मागितलं.

नवरा मुलीला घेऊन घरीच थांबला होता; संध्याकाळी सगळं ऐकून तो चिडला. “दादाची किती पंचाईत झाली असेल, विचार केलास? तुला काय गरज होती?”

“होती,” मी म्हटलं.

“एवढ्याशा गोष्टीवरून...”

“एवढीशी? मी बिछान्यात होते तेव्हा तुझ्या वहिनीने माझं जेवण गटारात ओतलं. जिने केलं तिच्यासमोर. तू होतास का तिथे?”

तो उठून बाल्कनीत गेला. पुढे दिरांचं काम झालं, बढतीही मिळाली. व्यापारी हिशोबी माणूस होता, जेवणाचा धंद्याशी संबंध जोडणारा नव्हता. पण जाऊबाईंनी मला फोन करणं सोडलं आणि भिशीच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. सूड घेतला की मन रिकामं होतं, असं लोक म्हणतात. मी वाट पाहिली. तसं काही झालं नाही. कितीतरी दिवस भाजी चिरताना मला तो टेबलक्लॉथवरचा डाग आठवायचा आणि मी एकटीच हसायचे.

खानुमचा गुडघा आता फार दुखतो. त्या खुर्चीत बसून सांगतात, मी करते. मावशीची चौकशी करायला तो व्यापारी मला अधूनमधून फोन करतो आणि दर वेळी विचारतो, “आज घास बना क्या?” सिंकपाशी काय झालं ते त्याला कुणी सांगितलं, हे मी खानुमना विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या. आधी मोठ्या सुनेकडे राहिल्या, सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याकडे आल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “ते कर ना, ज्याच्यावरून एवढं झालं.”

मी केलं, मुरू दिलं, दुसऱ्या दिवशी वाढलं. त्यांनी सावकाश, नीट जेवून घेतलं.

“मीठ जरा कमी आहे,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मोठीलाही बोलवायला हवं होतं गं. कितीही झालं तरी तुझी जाऊ आहे.”

मी मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यांना आणखी भात हवा का ते विचारलं.