एलरंगआजीचा मणी

पोस्टातून निवृत्त झाल्यावर रांगालूने जुने मणी जमवायला घेतले आणि डोंगरातल्या त्या पैवान आदिवासींच्या गावात कुणाच्या गळ्यातलं काही सुरक्षित राहिलं नाही. लग्न असो की मयत, हा आधी माळा बघायचा, मग माणसं. मणी दातावर घासायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "दोनशे वर्षं." बायको सायविक म्हणायची, "माझा वाढदिवस विचारा ह्यांना. तो नाही सांगता येणार."

सरदार घराण्यातल्या एलरंगआजीच्या गळ्यात मुलिमुलितान होता, मण्यांतला राजा. असा मणी घराण्यातच राहतो, थोरल्या अपत्याकडे जातो. पण आजीची थोरली सेलेप शहरात राहायची, गावाकडे फिरकायची नाही. रांगालूच्या तोंडाला पाणी सुटलं. सुगीच्या सणात त्याने तो मणी चाखला आणि गावासमोर जाहीर केलं, "तीनशे वर्षांचा. माझा शब्द आहे."

त्या दिवसापासून अकरा वर्षं तो आजीच्या दारात होता. छप्पर शाकारलं, स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं, सायविकने पानांत बांधून उकडलेले राळ्याचे उंडे घरच्यांआधी आजीला पोचवले.

"वुवु, त्या मण्याचं काय ठरवलंत?" तो आजीला अधूनमधून विचारायचा.

"मी गेल्यावर बघू रे. तोवर ती पन्हळ तेवढी बघ, गळतेय."

अखेर आजी गेली. दफनानंतर सगळे अंगणात बसले असताना सेलेपने तो मणी हातात घेतला.

"रांगालूकाका, आईचं तुम्ही सगळं केलंत. हा तुम्हालाच द्यायचा असं ती सांगून गेली. पण एक आहे. खरा मणी तिने माझ्या लहानपणीच एका पाहुण्याला देऊन शिलाई मशीन घेतलं होतं. हा नंतर करून घेतलेला, नवा. चालेल ना?"

सगळं अंगण रांगालूकडे बघू लागलं. नुसतं "चालेल" म्हणायचं होतं. पण त्या एका शब्दात अकरा वर्षांची जाणकारी मातीत जाणार होती.

"नवा? शेवटी शेवटी तुझ्या आईला काही आठवत नव्हतं, पोरी. तीनशे वर्षांचा आहे हा. मी चाखलाय."

"नक्की?"

"अगदी नक्की."

सेलेपने मणी स्वतःच्या गळ्यात बांधला. "मग तो घराबाहेर कसा जाणार? बरं झालं सांगितलंत, काका. मी वेड्यासारखी देऊन बसले असते."

उतारावरून परतताना मणी बनवणारा चामाक सुपारी चघळत त्याच्या बरोबरीने चालू लागला.

"तो माझ्याच भट्टीतला, दादा. तिसऱ्या खेपेला रंग जमला होता. तुला हवा तर तसाच करून देतो."

रांगालूने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला रे मण्यांतलं काय कळतं?" तो म्हणाला, आणि ताडताड पुढे निघून गेला.