मिरचीच्या शेडमधली स्टुलं

मी धुळ्याची. मास्तरांची बायको म्हणून दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात आले आणि दोन वर्षांत गावाला शहाणं करायला निघाले. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गावातली तरणी माणसं एकेक करून सुरतेला मागावर कामाला जात होती. इथली मिरची पोत्यांनी दोंडाईच्याच्या बाजारात जायची, तिथून कुठे कुठे, आणि पूड होऊन रंगीत पाकिटातून आमच्याच किराणा दुकानात परत यायची. ते पाकीट पाहिलं की माझं डोकं फिरायचं. मिरची आपली, आणि काम मात्र दुसऱ्या गावच्या हातांना!

शेवटी गावातलं एक बंद गोदाम मिळवलं, मिरची कांडायचं मशीन बसवलं आणि सहा बायकांना कामाला घेतलं. देठ खुडायचे, पूड चाळायची, वजन करून पाकिटं भरायची. धुळ्याच्या एका कारखान्यात मी बायकांना उंच टेबलाशी स्टुलावर बसून काम करताना पाहिलं होतं. ते माझ्या डोक्यात बसलेलं. सुताराकडून छातीएवढं टेबल करून घेतलं आणि सहा उंच स्टुलं. टेबल खिडकीशी लावलं, कारण मिरचीच्या खकाण्यात उजेडाइतकीच हवाही लागते.

बायका आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि कामाला लागल्या. स्टुलांवर त्यांनी पिशव्या ठेवल्या. पहिल्या दिवशी वाटलं, नवं आहे, लाजत असतील. आठ दिवसांनी वाटलं, कामाचा उत्साह आहे. बँकेचे साहेब पाहायला आले तेव्हा मी तोंड वर करून त्यांना सांगितलंसुद्धा, "आमच्या बायका बसायलासुद्धा तयार नाहीत, बघा!" आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या सहाजणींत एक होती, दोन लहान मुलींची आई. नवरा सुरतेला. तिथे एका खोलीत आठ माणसं राहत, आणि दिवाळीनंतर हिनंही मुलींना घेऊन तिकडंच यावं असं त्याचं म्हणणं होतं. हिला जायचं नव्हतं. मुली इथल्या शाळेत रमल्या होत्या. गावात टिकेल असं काम मिळालं तर राहता येणार होतं, म्हणून सगळ्यांत आधी माझ्याकडे तीच आली होती. हातही तिचाच सगळ्यांत चलाख.

दिवाळी झाली आणि एका दुपारी ती म्हणाली, "बाई, मी परवदिन सुरतले जासू. आते मन्हाकडथून व्हत नही." तिनं लुगडं जरा वर केलं. पाय घोट्यापासून सुजून टम्म झालेले.

माझा पारा चढला. मी म्हटलं, "अगं, बसायला स्टूल दिलंय ना! कोणी सांगितलं तुला दिवसभर उभी राहा म्हणून?"

तिनं एकदा खिडकीबाहेर पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली मान घालून पाकिटं भरायला लागली. मला वाटलं, हिला सुरतेचीच ओढ आहे, पाय हे निमित्त. तसं मी बोलूनही दाखवलं.

ती घरी गेल्यावर देठ खुडणारी एक म्हातारी अक्का माझ्याजवळ आली. "मास्तरीनबाई, तुम्हले दिखत नही का? समोर निंबखाले तिना सासरा भुईवर बठेल शे. सून उच्ची स्टूलवर कशी बसी?"

मी खिडकीतून पाहिलं. तीन महिने रोज पाहत होते, तेच पाहिलं. समोरच्या निंबाखाली जमिनीवर पोतं टाकून गावातले म्हातारे बसलेले, मधोमध तिचे सासरे आबा. सहाही जणींचा कोणी ना कोणी वडीलधारा त्यांत होता. मी त्यांच्या सुना-भावजयांना त्यांच्या डोक्यापेक्षा उंच बसवायला निघाले होते.

खिडकी लावावी तर शिंकून जीव जाईल. टेबला-स्टुलांचे पाय कापायचे म्हणून सुताराला निरोप धाडला, तर तो बाजार झाल्याशिवाय येणार नव्हता. तिची गाडी त्याआधीच होती. मग मी सरळ आबांकडे गेले. चूक माझी आहे म्हणाले, तिचे पाय सुजलेत म्हणाले, तुम्ही तिला एकदा बस म्हणा म्हणाले.

आबा तंबाखू मळत म्हणाले, "पाय मीबी देखस, बाई. पन सासराना तोंडे सुनले बस म्हनानं, असं आमना गावमा कधी व्हयेल नही."

मी चिडूनच परतले. एवढं दिसत होतं तर तोंडात काय मिठाची गुळणी धरून बसले होते तीन महिने?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा शेवटचा दिवस म्हणून मी शेड लवकर उघडली. बाहेर गलका ऐकू आला. आबा आणि इतर पाच म्हातारे एक बैलगाडी ढकलत आणत होते. बैल नव्हते. धापा टाकत त्यांनी ती निंबाखाली आणली, जू दगडावर टेकवलं आणि एकमेकांना हात देत एकेकजण वर चढला. चढताना एकाचं धोतर चाकात अडकलं, त्यावरून शिव्याही झाल्या. मग सगळे गाडीत ऐसपैस बसले, आमच्या स्टुलांपेक्षा चांगले हातभर उंच. आबांनी खिडकीकडे पाठ केली आणि तंबाखूची चंची काढली.

शेडमध्ये कोणी हलेना. मग तिनं स्टुलावरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि बसली. बाकीच्या पाचजणीही बसल्या. मला तिच्याकडे पाहवेना. आदल्या दिवशी बोललेला शब्द न् शब्द मला टोचत होता. मी म्हटलं, "माझं चुकलं गं."

तिनं वजनाचा काटा पुढ्यात ओढला. "बाई, आज सुरतले एक चिठ्ठी लिखी द्या. त्यासले म्हना, मी येत नही. तुम्हीच घर या."